गावाकडच्या आठवणींची हाताने केलेली कार्डं: चित्रात नक्की काय घ्यायचं?

पलूसची पोर

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आम्ही चुलत-आत्ते-मामे सगळी मिळून पंधरा-सोळा भावंडं, लहानपणी दिवाळी आणि आख्खा मे महिना पलूसजवळच्या आमच्या गावात आजीकडं असायचो, आता कोण हिंजवडीत, कोण हैदराबादला, एक तर थेट टोरांटोला. मी एकटीच सांगलीत, विश्रामबागला. ग्रुपवर रोजचं गुड मॉर्निंग चालू असतं आणि संक्रांतीला तोच तो फॉरवर्ड केलेला तिळगुळाचा फोटो, दोन पतंग आणि खाली शुद्धलेखनाची वाट लागलेल्या शुभेच्छा. यंदा म्हटलं बास, प्रत्येकाला हातानं केलेलं कार्ड पोस्टानं पाठवायचं, पाकिटात चार हलव्याचे दाणे घालून, पूर्वी पाठवायचे तसं. आणि कार्डावर आपल्या गावातलंच काहीतरी पाहिजे.

आता अडचण. चित्रकला माझी बरी आहे, शाळेत इंटरमिजिएट झालीय. पण ब्रश घेऊन बसलं की कागदावर एलिमेंटरीच्या परीक्षेतलं गाव उतरतंय. दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नारळाचं झाड, नदी आणि नदीत बदकं. अहो आमच्या गावात झोपडी नव्हती, दगडमातीची सोप्याची घरं होती, नारळ एका घरापुढं होता फक्त, आणि बदक तर मी सांगलीत आल्यावर बघितलं. नदी खरी, कृष्णा, पण तिच्या काठाला मळी, म्हणजे गाळाची जमीन, आणि मळीत वांगी, काट्याची, हिरवट पांढरी. ती कुठल्या चित्रात नसतात.

जे आठवतं ते तर काढताच येत नाही असं वाटतं. गुऱ्हाळाचा वास आठवतो, लांबच्या कारखान्याचा भोंगा आठवतो, भोंगा झाला की आजी चुलीला जाळ घालायची, घड्याळ बघायची नाही. हे कसं काढणार?

तर सुचवा. चित्रात काय घेऊ, कागद कसला घेऊ, सांगलीतच आहे तर रंग म्हणून हळद वापरता येईल का (डोक्यात आयडिया आहे नुसती), आणि पोस्टात चुरगळून जाणार नाही ना? आत काय लिहायचं ते माझं मी बघते.

माणदेशी गडी

ताई, आख्खं गाव काढायचा नादच सोडा. गाव म्हणून काढायला बसलं की परीक्षेतलंच येणार, ते आपल्या सगळ्यांच्या हातात बसलंय, बाईंनी फळ्यावर काढून दिलेलं. एकच वस्तू घ्या आणि कार्डभर मोठी काढा.

आमच्याकडं आटपाडीच्या बाजूला तर हिरवा रंग लागतच नाही बघा. माळवदाची घरं, बाभळी, मेंढरं, झालं चित्र. चुलत भावानं ऑफिसातल्या कसल्यातरी स्पर्धेला "माझे गाव" काढून दिलं तर तिथले लोक म्हणाले राजस्थान छान काढलंय.

मी तुमच्या जागी असतो तर आडाच्या काठाचा दगड काढला असता. आमच्या जुन्या आडाच्या दगडाला दोर घासून घासून चर पडलेत, बोट आत जाईल एवढे खोल आणि आतनं एकदम गुळगुळीत. आणि प्रत्येकीचा चर ठरलेला, आजी तिच्याच चरातनं दोर सोडायची, दुसऱ्या कुणी तिथं सोडला की तोंडाचा पट्टा सुरू. पाऊस पडून गेला की त्या चरात पाणी साचायचं आणि चिमण्या येऊन प्यायच्या. आता नळ आलाय, आडावर लोखंडी जाळी टाकलीय, पण दगड हाय अजून. तो नुसता काढला तरी आमच्या गावच्या माणसाला बघितल्या बघितल्या कळंल. बाहेरच्याला नाही कळलं तर नाही कळलं, त्याला कुठं कार्ड पाठवायचंय.

आणि बैल काढणार असाल तर कृपा करून खिलार काढा. बाजारातल्या कार्डावरचा बैल बघून मला राग येतो, जर्सी गाईला शिंगं चिकटवून ठेवल्यात. खिलारचं तोंड लांब निमुळतं, कपाळावर मधोमध खाच, शिंगं बुडाला जवळजवळ, तिथनं मागं जातात आणि मग वर टोकाला वळतात. मोबाईलवर बघून काढू नका, खरसुंडीच्या जत्रेला जावा, जनावरांचा बाजार भरतो तिथं तासभर उभं राहा, हात आपोआप बसतो.

कडेगावचा

आमच्या लहानपणाचं चित्र म्हणजे ताबूत. मोहरमला कडेगावात उंचच्या उंच ताबूत निघतात, बांबू बांधून मजल्यावर मजला चढवत नेलेले, आणि त्यात हिंदूंचे मानाचे ताबूतही असतात हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. ताबुतांच्या भेटी बघायला आम्ही पोरं गच्चीवर चढून बसायचो, मान दुखायची वर बघून. हे आडव्या कार्डात बसणारच नाही. उभं अरुंद कार्ड करा आणि वरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे उघडत जाईल तसा ताबूत वर वर जाईल. मला चित्र येत नाही नाहीतर मीच केलं असतं.

आयर्विनखाली

कागदाचं मी सांगतो, धंदाच छपाईचा आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं.

लोक काय करतात, दुकानात जाऊन सगळ्यात जाड कागद मागतात, ए-फोर, ३०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम), आणि मधे दुमडतात. त्या एका कागदाचंच वजन होतं पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. वर पाकीट, वर तुमचा हलवा, म्हणजे २० ग्रॅम पार झालंच, आणि साध्या पत्राचं ५ रुपयांचं तिकीट २० ग्रॅमपर्यंतच चालतं. तिकीट कमी पडलं की जेवढं कमी त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडनं वसूल करतात. म्हणजे बहिणीला प्रेमानं कार्ड धाडायचं आणि दंड तिनं भरायचा. त्यापेक्षा ए-फोरचे मधोमध दोन तुकडे करा आणि एकेक तुकडा दुमडा, साडेनऊ ग्रॅमच्या आत बसतंय, पाकीट धरून निवांत. जाडी २५० घेतली तरी भागतं. टोरांटोच्या पाकिटात मात्र तीळ, हलवा काही घालू नका, खायच्या वस्तू आणि बिया म्हटलं की कस्टमवाले अडवू शकतात, त्याच्यासाठी तीळ चित्रात काढा.

घडीचं बघा. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे धागे एका दिशेला पडलेले असतात. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा, ज्या बाजूला कमी जोर लागतो त्या बाजूलाच घडी घालायची. उलट्या दिशेनं घातली की घडीवर कागद तडकतो आणि रंग दिलेला असेल तर पांढरी भेग दिसते. दुमडायच्या आधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलनं दाबून रेघ मारा, शाई नसलेली बरं का. आमच्याकडं मशीन आहे त्याला पण काम तेच करते.

हळदीबद्दल. चालते, पण तिचा स्वभाव माहिती पाहिजे. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, भाव काय मिळायचा तो मिळू दे, पण रंग उन्हात उडतो म्हणजे उडतोच, कुठलीही घ्या. खिडकीत ठेवलेलं कार्ड थोड्याच दिवसांत फिक्कट पडणार. म्हणून हळद बाहेरच्या बाजूला नको, आतल्या बाजूला वापरा, मिटलेल्या कार्डात रंग बराच टिकतो. आणि एक गंमत करा. हळदीच्या पाण्याचा पातळ हात कागदावर फिरवून पूर्ण वाळू द्या, मग पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी घ्या आणि ब्रशनं लिहा. लिहिलेलं लाल उमटतं. हळदीचं कुंकू करतात ते असंच, वेगळं काही नाही. वाळल्यावर जरा तपकिरीकडं झुकतं, आधी चिठोऱ्यावर करून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. आमचं घर गावभागात, तळमजला. २०१९ च्या पुरात पाणी आत आलं त्यात आजोबांची पत्र्याची पेटी भिजली, पत्रं, कार्डं, वह्या सगळं त्यात. पाणी उतरल्यावर आईनं एकेक कागद सुटा करून दोरीवर वाळत घातला. पेन्सिलीचं लिहिलेलं जसंच्या तसं. बॉलपेनचं बऱ्यापैकी वाचता येतंय. शाईपेनाचं गेलं, निळे डाग फक्त. आणि आम्ही भावंडांनी स्केचपेननं केलेली कार्डं होती ती कुणाची कुठली तेही कळेना, रंग वाहून एकमेकांत गेलेले. तेव्हापासनं मी सगळ्यांना सांगतो, आकृती पेन्सिलीनं नाहीतर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकनं करा, रंग मग पाहिजे तो भरा. निदान रेघा तरी मागं राहतील.

चित्राला विषय पाहिजे असेल तर हरिपूरची हळदीची पेवं घ्या की. जमिनीखाली खोल खड्डे, वरचं तोंड लहान, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही काही नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, आम्ही पोरं लांबनं वाकून बघायचो तर मागनं शिव्या यायच्या. २००५ च्या पुरात बरीच पेवं खराब झाली. वरनं बघितलं तर नुसतं काळं वर्तुळ दिसतं. कार्डाला गोल भोक पाडा, मिटलेलं असताना काळं, उघडलं की आत पिवळं.

माणदेशी गडी

भोक आणि पिवळं, लय भारी. हे मी ढापणार.

वाईची सुधा

इथले सगळे पुरुष कागद आणि बैल यावरच अडलेत म्हणून लिहिते. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. मुलांकडून कार्डं करून घेणं हे माझं दरवर्षीचं काम असायचं आणि विकतचं काही आणायचं नाही हा नियम, कारण आणणार कुठून, पालकांची परिस्थिती मला माहीत होती.

पिंपळपानाची जाळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वहीत ठेवली असेल. कार्डावर ती फार सुंदर दिसते आणि संक्रांतीला वेळ आहे तोवर होईल. पानं पूर्ण वाढलेली, जून, पण हिरवी घ्यायची, कोवळी घेतली की चिंधड्या होतात. जुन्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची, वर दगड. तीन-चार आठवडे लागतात, थंडीत जरा जास्तच. घाण वास सुटतो, बादली घराबाहेर ठेवा, मी एकदा शाळेच्या पडवीत ठेवली होती तर शिपाईमामा दोन दिवस मेलेला उंदीर शोधत होते. मधे पाणी बदलायचं. गर सुटायला लागला की पान ताटलीत पाण्यातच सपाट धरून जुन्या टूथब्रशनं देठाकडून टोकाकडे हलके हलके टिपायचं, घासायचं नाही. गर निघून जातो आणि शिरांची जाळी राहते. जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा. चिकटवताना डिंक पाणी घालून पातळ करून फक्त मधल्या शिरेला लावा, सगळीकडे लावला की जाळीची भोकं बुजतात. मागे गडद कागद द्या, विटकरी किंवा गर्द निळा, पांढऱ्यावर जाळी दिसत नाही.

ठशांसाठी भेंडी. देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, जून भेंडी असेल तर अजून चांगलं. कापल्यावर फडक्यावर टेकवून चिकटपणा घालवा, नाहीतर रंग ओघळतो. तुमच्या पंधरा-सोळा कार्डांना चार भेंड्या पुरतील, उरलेल्यांची भाजी करा. 😀

आणि चित्र बघायला जायचं असेल तर औंधला जा, आपल्या खटाव तालुक्यातलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये तिथं भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं, टेकडीवर आहे. लोक रविवर्म्याची चित्रं बघून खाली येतात. मी मुलांना न्यायचे तेव्हा सांगायचे की चेहरे नंतर बघा, आधी भांडी बघा, नेसणं बघा, चित्रकारानं पितळेवरचा उजेड कसा काढलाय ते बघा. तांब्या काढायला शिकायचं तर तिथं शिकावं.

आपल्याकडच्या चित्रकारांना पोस्टाचं कार्ड काही कमीपणाचं वाटत नव्हतं बरं का, धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिक्चर पोस्टकार्डांसाठी चित्रं काढलीत. रस्त्यातली माणसं, कामाला निघालेल्या बाया. तेव्हा हा छंद छोटा आहे असं वाटून घेऊ नका.

जतचा पाटीवाला

सगळं वाचलं. छान चाललंय. पण एक गोष्ट बोलतो, राग मानू नका.

माझं वय साठीच्या पुढं. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होतो, आई-बाप दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, मी सोबत. तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची, आणि आम्हा पोरांना सुकडी. ही पण माझी गावाकडची आठवणच आहे. कार्डावर कोण काढणार सांगा? कार्डावर घागर घेतलेली बाई असते, कमरेत लचकून उभी, गालावर बट. माझ्या आईच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस विरळ झाले होते, म्हातारपणी मान वळायची नाही. ती घागर मला कुठल्याही चित्रात बघवत नाही.

आडाच्या दगडाचं ज्यांनी लिहिलंय त्यांचं लिहिणं मला आवडलं, दगड खरा आहे. पण आमच्या आळीला त्या आडावर जायला परवानगी नव्हती. आमची बाया-माणसं लांब ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची. तर प्रत्येकीचा चर ठरलेला होता म्हणताना, काहींचा नव्हताच.

कार्ड करू नका असं म्हणत नाही. मीसुद्धा नातवासाठी करतो, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाची बैलगाडी, बाभळीच्या काट्यांनी जोडलेली, ती चपटी करून कागदावर चिकटवून देतो, त्याला लय आवडते. भेंड हलकं असतं, पोस्टाला पण परवडेल. फक्त एक करा पोरी, ज्या बायकांच्या जिवावर तुमचा मे महिना मजेत गेला त्यांना विचारा त्यांना काय आठवतं. तुम्हाला आठवतं ते आणि त्यांना आठवतं ते एकच असेल असं धरून चालू नका.

माणदेशी गडी

काका, बरोबर बोललात. आमच्या आडाला पण तसंच होतं, मी लिहिताना ते धरलंच नव्हतं. दगड मी काढीनच, पण झिऱ्याचं तुम्ही लिहिलंय ते डोक्यातनं जाणार नाही आता.

कोरेगावकर

मधेच येतो. वर कुणी बेंदराचं अजून काढलंच नाही, आश्चर्य आहे. मातीचे बैल, शिंगांना हिंगूळ, झूल, संध्याकाळी मिरवणूक आणि कर तोडायची, याच्यापेक्षा कार्डाला काय पाहिजे. पोळ्याची कार्डं बाजारात मिळतात, बेंदराचं एक मिळत नाही. श्रावणी पोळा आपला नव्हेच, आपला आषाढातला बेंदूर.

कडेगावचा

आषाढातला तुमचा. सीमेकडच्या गावांत कर्नाटकी बेंदूर असतो, ज्येष्ठी पौर्णिमेला. माझ्या मामाकडं मिरज तालुक्यात एक आणि आमच्याकडं दुसरा, लहानपणी दोन्हीकडच्या पुरणपोळ्या हाणल्यात.

कोरेगावकर

ते माहितीय हो, मी आमच्याकडचं सांगत होतो. आणि संक्रांतीला बैल कशाला म्हणून कुणी वाद घालू नका, लहानपण काय एका सणाचं असतंय का.

पलूसची पोर

बापरे, दोन दिवस आले नाही तर एवढं सगळं. सगळ्यांना मनापासून थँक्यू, नावं घेत बसत नाही.

जतच्या काकांचं वाचून फोन ठेवला आणि आईला विचारलं. ती आता माझ्याकडंच असते. म्हटलं आई, गावाकडचं एक चित्र कार्डावर काढायचं तर काय काढू? मला वाटलं चूल सांगेल नाहीतर जातं. तिनं भाजी निवडता निवडता मान पण वर केली नाही, म्हणाली सिनेमा काढ.

कसला सिनेमा तर जत्रेतला, तंबूतला. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची तेव्हा ती आणि माझ्या दोन्ही काकू, तिघी जावा, पोरं सगळी आजीच्या अंगावर टाकून रात्रीच्या खेळाला गेल्या होत्या, खाली अंथरायला खताचं रिकामं पोतं घेऊन. आजीला सांगितलं कीर्तनाला जातो. कुठला सिनेमा होता ते तिला आठवत नाही, पण पोतं आठवतं, मधे रीळ तुटलं तेव्हा सगळ्या तंबूनं मारलेल्या शिट्ट्या आठवतात, आणि परत येताना मधली काकू चिखलात चप्पल हरवून आली ते सांगताना आई इतकी हसली की मला भाजीची पाटी बाजूला घ्यावी लागली. त्या मे महिन्यात मी तिथंच होते, सोप्यात झोपलेली, आणि मला हे आजवर माहितीच नव्हतं.

तर आता बदललंय सगळं. प्रत्येकाला एकच कार्ड पाठवायचं नाही, प्रत्येकाला त्याची त्याची वस्तू. हैदराबादवाल्याला आमच्या दिवळीतली चिमणी, काच काळी झालेली, कारण काच पुसायचं काम त्याचं असायचं आणि त्याचाच हात लहान म्हणून आत जायचा. टोरांटोवालीला मळीतलं वांगं, देठाच्या काट्यासकट, ती ते काटे बोटात मोडून घेऊन रडत यायची. हिंजवडीवाल्या दोघांना गुऱ्हाळातली काहील, रस आटवायची मोठी कढई. वासाचं काय करायचं हा प्रश्न होता तो सुटलाय, भावाकडनं वाळलेलं चिपाड मागवलंय, त्याची सालं बारीक सोलून काहिलीच्या खाली जाळ म्हणून चिकटवणार, चुलवाणात चिपाडच घालायचे ना. वास येईल न येईल, हाताला तर लागेल.

आणि तिघी जावांना तंबू. दोघी काकूंना पोस्टानं, आईला हातात. फक्त प्रश्न असा की अंधारातला तंबू काढायचा कसा, सगळं काळंच होतंय, पडदा पांढरा ठेवला तर त्यावर काय दाखवू, सिनेमा कुठला ते कुणालाच माहिती नाही.

माणदेशी गडी

पडद्यावर काही दाखवूच नका, मागच्या बाजूनं काढा. तंबूत पडदा मधे असायचा आणि गर्दी झाली की लोक पडद्याच्या पलीकडं पण बसायचे. तिकडनं सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा आणि नावं उजवीकडनं डावीकडं. आमचे चुलते कायम तिकडनंच बघायचे, म्हणायचे सिनेमा तोच, उगाच गर्दीत कशाला चेंगरायचं.

वाईची सुधा

काळ्या कागदावर काम करा ना, पांढऱ्यावर काळं फासत बसण्यापेक्षा. पडदा पांढरा चिकटवा आणि समोर तिघींच्या फक्त पाठी, अंबाडे आणि पदर. चेहरे नकोतच, काकूंना पाठीवरून आपापली ओळख पटते की नाही बघा. चिखलातली चप्पल मागच्या पानावर.

आयर्विनखाली

मग पडद्यावर "तिळगूळ घ्या गोड बोला" उलटं लिहा की, कार्ड आरशासमोर धरलं की वाचता येईल. आधी पातळ कागदावर सरळ लिहा, तो पालथा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागनं दिसतंय ते गिरवा, आम्ही ब्लॉक करायचो तेव्हा असंच करायचो. काळा कार्डशीट २५० चा माझ्याकडं आहे, शिल्लक तुकडे पडलेत, तुमच्या मापाचे निघतील. धाग्यात दुकानाचा पत्ता टाकत नाही, मेसेज करतो. गुरुवारी दुपारनंतर या, सकाळी लग्नसराईच्या पत्रिकांची गडबड असते. आणि येताना आईंना घेऊन या, चप्पल कुठल्या जत्रेत हरवली ते विचारायचंय, आमची आई पण अशीच एक सांगते.

कडेगावचा

ताबुताचं कुणी मनावर घेतलं नाही वाटतं. असो. ताई, कार्डं झाली की फोटो टाका, आणि जास्तीची केली तर मला ताबुताची पाच पाहिजेत, विकत, रेट सांगा.

पलूसची पोर

रेट नाही ओ दादा, तुम्ही ताबुताचा एक नीट फोटो पाठवा, बांबूची बांधणी दिसेल असा. संक्रांतीनंतर बसते त्याला. गुरुवारी येतोय आम्ही दोघी, आयर्विन पुलाखालीच ना नक्की, की ते नुसतं नाव आहे?